डायलिसिसच्या रुग्णाच्या ताटातले अंडे काढून घेऊ नका



गेल्या उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर एका दादांना भेटायला गेले होते. वय पन्नाशीच्या आतले. साखर आणि रक्तदाब, दोन्ही. त्यातून किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू होऊन सहा महिने झाले होते. जेवणाची वेळ होती. वहिनींनी आम्हा सगळ्यांना तांदळाची भाकरी, अंड्याचा रस्सा आणि वालाचे बिरडे वाढले. दादांच्या ताटात मऊ भात आणि उकडलेला दुधी. डाळ नाही, अंडे तर नाहीच. चार घास कसेबसे गिळून दादा उठले. हात धुताना माझे लक्ष त्यांच्या दंडाकडे गेले. सदऱ्याच्या बाहीत दंड होता की नाही, अशी शंका यावी!

मी विचारले, "वहिनी, दादांना अंडे का नाही?" वहिनींनी आतून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद आणला. त्यावर लिहिले होते: डाळी कमी, अंडी बंद, मटण-मासे बंद. मी तारीख पाहिली. कागद दीड वर्षापूर्वीचा होता, म्हणजे डायलिसिस सुरू होण्याच्या वर्षभर आधीचा. ज्या दिवशी तो लिहिला त्या दिवशी त्यातले एकही अक्षर चुकीचे नव्हते. पण पुढे डायलिसिस सुरू झाले आणि तो कागद बदलायला हवा, हे त्या घराला कोणी सांगितलेच नाही. वहिनी बिचाऱ्या दीड वर्षे तो इमानाने पाळत होत्या.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. वॉर्डात नोकरी करत असताना मीही असे कागद वाटलेले आहेत. समोर चाळीस रुग्ण, हातात इंजेक्शनचा ट्रे. "हे खा, ते खाऊ नका" एवढे सांगून पुढच्या खाटेकडे जायचे. पण आता गावोगाव फिरताना तेच कागद लोकांच्या घरात दिसतात, तेव्हा त्यांनी काय केले ते कळते.

मुद्दा नीट समजून घेऊया. किडनी अशक्त झालेली असते पण अजून थोडेफार काम करत असते, तेव्हा डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात. प्रथिनांच्या पचनातून युरियासारखी घाण रक्तात जमते, ती बाहेर काढण्याचे ओझे थकलेल्या किडनीवर पडू नये म्हणून. त्या काळात दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. डायलिसिस सुरू झाले की घाण मशीन काढते. पण मशीनला घाण आणि पोषण यांतला फरक सगळाच कळत नाही. प्रत्येक वेळी प्रथिनांचे सहा ते बारा ग्रॅम बारीक घटकही ते पाण्याबरोबर वाहून नेते. म्हणून गरज वाढते, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला आधी तीस ग्रॅम पुरत होते, आता पन्नास ते साठ लागतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट! आणि आपण मात्र त्याला दुधी-भातावर ठेवतो. मग मांड्या सुकतात, पायाला सूज येते, जंतुसंसर्ग लवकर होतो, मशीनवर असताना रक्तदाब कोसळतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन नावाचा एक आकडा असतो. तो ३.५ च्या खाली गेला असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारा. आपले लोक क्रिएटिनिनचा आकडा तोंडपाठ सांगतात, अल्ब्युमिनचा कोणालाच ठाऊक नसतो.

पन्नास ग्रॅम म्हणजे फार मोठे काही नाही. दिवसभराच्या भात-भाकरीतून पंधराएक ग्रॅम मिळतात. एका अंड्यात सहा. दोन अंडी आणि वर एका अंड्याचा नुसता पांढरा भाग घेतला तर पंधरा-सोळा झाले. घट्ट वरणाची एक वाटी सहा. ताज्या माशाचे किंवा कोंबडीचे दोन मध्यम तुकडे पंधरा. पन्नास ओलांडले. धरणातला ताजा मासा, घरची कोंबडी, गावठी अंडी हे सगळे आपल्या भागात मिळते. भाताविषयी उगाच भीती आहे. पांढऱ्या तांदळात पोटॅशियम आणि फॉस्फरस कमी असते, त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णाला तो नाचणीपेक्षा सोयीचा. साखर असेल तर मात्र वाढप मोजून.

आता थोडे कडू बोलते. शहरातल्या दवाखान्यातून जे छापील तक्ते मिळतात ते बहुधा इंग्रजीत असतात आणि त्यांत पनीर, सफरचंद, ब्राउन ब्रेड लिहिलेले असते. ते ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिले ते आपले नव्हे. मुरबाडच्या आडगावात पनीर आणायला कोण जाणार? त्यात घराघरांत एक जुना समज अजून ठाण मांडून आहे की, आजारी माणसाने मांस-मच्छी सोडली की शरीर 'शुद्ध' होते. शेजारी सांगतात, पाहुणे सांगतात, एखादा शिकलेला नातेवाईकही सांगतो. शुद्ध-अशुद्धाच्या या कल्पनेने आपल्याला पिढ्यान् पिढ्या पाणवठ्यावरून हाकलले, आणि आजारपण आले की आपण तीच कल्पना आपल्या ताटात आणून बसवतो! जे धम्मबांधव-भगिनी स्वतःच्या विचाराने शाकाहारी आहेत त्यांचा मला आदर आहे. त्यांनी डाळ, दही, सोयाबीन मोजून घ्यावे, आहारतज्ज्ञांशी बोलावे, मार्ग निघतो. पण जो माणूस जन्मभर अंडी-मासे खात आला, त्याचे अंडे नेमके गरजेच्या वेळी काढून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

अंड्याला आपल्याकडे राजकारणही चिकटलेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला; हवे तर लोकवर्गणीतून द्या, म्हणाले. मुलांच्या अंड्याची ही गत, तर किडनीच्या रुग्णाचे कोण विचारतो?

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट येते. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून खाटेवर ठेवले. ही गोष्ट आपल्याला माहीत असते. त्याच्या पुढचा भाग मला नर्स म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. सेवा करायला कठीण असा रुग्ण कोणता, हे तिथे सांगितले आहे. त्यात एक लक्षण असे की, जे मानवते त्याचेही प्रमाण तो ओळखत नाही. आणि चांगला शुश्रूषक तो, ज्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार डायलिसिसला तंतोतंत लागू पडतो, कारण अंडे परत द्या म्हटले की आपले लोक थेट पाया आणि कलेजीवर जातात!

तर प्रमाणाविषयी. सगळ्यात मोठा शत्रू मीठ. दिवसाला सगळे मिळून एक लहान चमचा, पाच ग्रॅमच्या आत. सुकट, खारा मासा, पापड, लोणचे, फरसाण यांत ते लपलेले असते. सुकटीशिवाय आपल्याकडे पावसाळा जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण डायलिसिसच्या रुग्णाला तिचा नुसता वास घेऊ द्या. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळते, ते चांगले समजून आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते आणि रुग्णाच्या हृदयाला तेच घातक. सैंधवही शेवटी मीठच. मीठ आवरले की तहान आवरते. मीठ न आवरता पाणी तोडायला सांगणे म्हणजे रुग्णाला छळणे आहे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. चोवीस तासांत जेवढी लघवी होते त्यात अर्धा लिटर मिळवा, तेवढेच दिवसभर. सकाळी तेवढे पाणी एका बाटलीत भरून ठेवा. चहा प्यायला की तेवढे बाटलीतून ओतून टाका. पेज, ताक, डाळीचे पाणी, रस्सा, ताडी, सगळे त्यातच मोजायचे. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे फार जड जाते. त्या वेळी बर्फाचा छोटा खडा तोंडात धरावा, लिंबाची फोड चोखावी. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पन्नास किलोच्या माणसाचे वजन दोन किलोपेक्षा फार वाढू नये. घरात वजनकाटा नसेल तर विहारात एक ठेवा. आठशे-हजार रुपयांचा काटा वस्तीतल्या सगळ्यांच्या कामी येईल.

पोटॅशियमसाठी शहाळे, केळी, फणस, रताळे, टोमॅटोचे सार यांना आवर घालावा. बटाटा, सुरण, रानभाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडाव्यात आणि ते पाणी फेकून द्यावे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, माठ आपल्याकडे रोज शिजतो. रुग्णाला पाणी फेकलेली भाजी, तीही आठवड्यातून एखाद-दोनदा. एक फळ मात्र पूर्ण बंद, थोडेसुद्धा नाही: कमरख. आडवे कापले की चांदणीसारखी फोड पडते ते. किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम होतो. सुरुवात न थांबणाऱ्या उचकीने होते आणि माणूस दगावूही शकतो. 'किडनी धुऊन काढणारा' म्हणून कोणी काढा देत असेल तर त्यालाही लांबून जय भीम करा.

फॉस्फरस कलेजी, पाया, सुकट, बाटलीतले काळे कोल्ड्रिंक, बेकरीचे आणि पाकिटातले पदार्थ यांत असतो. त्यासाठी दिलेली गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची असते. अनेक जण ती सकाळी अनशापोटी बाकीच्या गोळ्यांबरोबर गिळतात. तशी घेतली तर तिचा काहीच उपयोग नाही.

हे घरातले झाले. डायलिसिसच्या दिवशीचे हाल वेगळेच. मुरबाडच्या आतल्या गावातून कल्याण किंवा उल्हासनगर गाठायचे तर पहाटेची एसटी. शहापूरकडचा माणूस आसनगावला येऊन लोकल पकडतो. चार तास मशीनवर, परतायला दुपार टळते. सकाळी घाईत चहा-बिस्कीट, आणि परत येताना स्टँडवर वडापाव आणि कोल्ड्रिंक. बटाटा, मीठ, पाव आणि फॉस्फरस, सगळे एकाच कागदात! त्यापेक्षा डब्यात दोन उकडलेली अंडी आणि भाकरी न्या. मशीनवर खाल्ले तर काहींचा रक्तदाब खाली येतो, म्हणून तिथल्या सिस्टरना विचारून आधी किंवा उतरल्यावर खा. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णाला प्रवास मोफत आहे. आगारात कागदपत्रे देऊन ती सवलत घ्या, ती भीक नाही.

पौर्णिमेचे उपोसथ आणि वर्षावासातले व्रत यांविषयी मला नेहमी विचारतात. इन्सुलिन आणि डायलिसिस दोन्ही असलेल्या माणसाने दुपारनंतर उपाशी राहू नये. भगवंतांनी आजारी भिक्खूंना अवेळीही तूप, लोणी, तेल, मध, काकवी औषध म्हणून घेण्याची मुभा दिली होती. मग आपण त्यांच्यापेक्षा कडक होण्याचे कारण काय? शील पाळा, वंदना करा आणि वेळेवर जेवा.

आता व्यायाम. हा शब्द काढला की घरचे माझ्याकडे वेड्यासारखे पाहतात. "ताई, त्यांना उठवत नाही आणि तुम्ही व्यायाम सांगता!" उठवत नाही याचे निम्मे कारण पडून राहणे हेच आहे. न वापरलेला स्नायू सुकतो, आणि खाल्लेले प्रथिन स्नायूत बसायचे तर त्या स्नायूला काम द्यावे लागते. इटलीत डायलिसिसच्या सुमारे तीनशे रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला घरच्या घरी चालायला सांगितले, एका वेळी दहा मिनिटे, डायलिसिस नसलेल्या दिवशी दोनदा. ना मशीन, ना जिम. सहा महिन्यांनी त्यांचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले होते. न चालणाऱ्यांचे होते तिथेच राहिले. चाळीस मीटर म्हणजे घरापासून विहारापर्यंत. ज्याला मोरीपर्यंत धरून न्यावे लागते त्याला त्याचे मोल विचारा.

सुरुवात पाच मिनिटांनी करा, अंगणातल्या अंगणात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाच वेळा, मग दहा. खाटेवर पडून एकेक पाय सरळ वर उचलणे. मशीनवर असताना पहिल्या दोन तासांत पाय हलवता येतात. फिस्टुलाचा हात मात्र स्थिर ठेवायचा, आणि तिथल्या डॉक्टरांना विचारूनच. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली तर लगेच थांबायचे. एखादे डायलिसिस चुकले असेल, ताप असेल, पायांत विलक्षण अशक्तपणा वाटत असेल तर व्यायाम नाहीच, आधी दवाखाना. फिस्टुला नवा असेल आणि जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितले असेल तर चेंडू दाबायचा. चेंडू नसेल तर पायमोज्यात चिंध्या भरून गोळा करा, तोही चालतो.

इथे मला एक फरक रोज दिसतो आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुरुषाला डायलिसिस लागले की त्याची खाट कायमची पडते. बायको पाय चेपते, पाणी हातात देते. बाईला डायलिसिस लागले तर ती दुपारी चार वाजता गाडीतून उतरते आणि चूल पेटवते. मुरबाडकडच्या एका ताई फिस्टुलाच्या हातानेच हंडा उचलून डोक्यावर ठेवत होत्या. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईला, आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. एका वेळच्या डायलिसिसला साधारण एकशेवीस लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते घेऊन घरी आलेल्या बाईला हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते! त्या हाताने जड उचलायचे नाही, त्यावर घट्ट बांगड्या किंवा घट्ट बाहीचा ब्लाउज घालायचा नाही, त्यावर डोके ठेवून झोपायचे नाही, तिथे सुई किंवा बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही. रोज सकाळी बोटे ठेवून आतली थरथर तपासायची. ती थांबली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. म्हणून माझा सल्ला दोघांना सारखा नाही. पुरुषांनो, उठा. आणि बाईच्या घरच्यांनो, तिला जरा बसू द्या, हंडा तुम्ही घ्या.

रिपोर्ट बिघडला की बोल लागतो तो ताट वाढणाऱ्या बाईला. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता. १९४८ पासून त्यांचे इन्सुलिन आणि पथ्यपाणी डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी सांभाळले, आणि त्यांच्या पश्चात आपल्याच लोकांनी माईंवर काय काय आरोप केले, ते आठवा. रुग्ण सांभाळणारीला आधी माहिती द्या, मग जाब विचारा.

डायलिसिस म्हणजे शेवट, हे अजून घरोघरी ऐकू येते. आणीबाणीत तुरुंगात असताना जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. त्यांच्या मशीनसाठी लोकांनी एकेक रुपया दिला. त्यानंतर ते जवळजवळ चार वर्षे जगले आणि १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी देशाचे सरकार बदलताना पाहिले. तेव्हा हे उपचार फार थोड्यांच्या वाट्याला येत. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. मशीन आले, हे चांगलेच झाले. पण मशीन शरीरातून जे काढून घेते ते भरून द्यायची जबाबदारी कोणावर?

क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार मिळतात. सरकारने तिथे मान्य केले आहे की औषधाइतकेच अन्न लागते. मग डायलिसिसच्या रुग्णाला ते का लागू नये? माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक मोफत डायलिसिस केंद्रावर मशीनवरून उतरणाऱ्या रुग्णाच्या हातात दोन उकडलेली अंडी द्या, शाकाहारी असेल तर त्या जोडीचे दुसरे काही. महिन्याला आठ वेळा, सोळा अंडी, सव्वाशे-दीडशे रुपये. आठवड्यातून एकदा तरी आहारतज्ज्ञ यावा, आणि तक्ता मराठीत असावा, ज्यात वाल, नाचणी, सुकट, पेज हे शब्द असतील. तालुक्याच्या आमसभेत हा विषय मांडायचा आहे. ज्यांच्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे त्यांनी सोबत यावे.

त्या दिवशी दादांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी शेवटचे रिपोर्ट पाहिले आणि रोज दोन अंडी, मासा आणि वरण सुरू करायला सांगितले. वहिनींच्या त्या जुन्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ते मोठ्या अक्षरांत लिहिले, वर त्या दिवसाची तारीख टाकली, आणि खाली लिहिले: तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवून हा कागद बदलणे. वहिनींनी रस्शाच्या पातेल्यातून एक अंडे काढले, पाण्याने धुऊन त्याचे मीठ-तिखट घालवले आणि दादांना हाक मारली.